दोनदा वाजली की पाणी

राणीमुंगी पकडून आणली की महिनाभर तिला त्रास द्यायचा नाही, हा मुंग्या पाळायच्या छंदातला पहिला नियम. काचेच्या नळीत तळाशी पाणी, त्यावर कापसाचा बोळा, आणि त्या ओल्या बोळ्याच्या आधारानं राणी जगते. पंख गाळते, अंधारात अंडी घालते. पण हादरे बसत राहिले, तर घाबरून स्वतःचीच अंडी खाऊन टाकते.

आपला हा गृहस्थ, ज्याला सगळी गल्ली 'मुंग्यावाला' म्हणूनच ओळखायची, त्या नळ्यांना जिवापाड जपायचा. नळ्या होत्या आईच्या खोलीत, टेबलाच्या खणात. घरात अंधारी अशी तेवढीच खोली. आईची वाचा गेली होती. खाटेवर पडल्या पडल्या ती चमच्यानं स्टीलची वाटी वाजवायची. एकदा वाजली की 'हो', दोनदा वाजली की पाणी. खाट टेबलाला टेकलेली, त्यामुळे प्रत्येक ठोका थेट खणात पोचायचा. दोन राण्यांनी अंडी खाल्ली, तेव्हा याचं डोकंच फिरलं.

एका दमट दुपारी मैदानावर पंखवाल्या राण्या उडाल्याची खबर आली. अशी संधी वर्षातून एकदाच यायची. निघताना त्यानं आईच्या हातातली वाटी काढून घेतली, कापसात गुंडाळली, दोऱ्यानं करकचून बांधली आणि खणात नळ्यांमागे कोंबली. आई नुसती बघत राहिली.

"तासाभरात येतो गं," तो म्हणाला.

उशाशी पेला भरून ठेवायचं राहून गेलं. नळ्यांतलं पाणी मात्र त्यानं एकेक करून तपासलं होतं. अंडीही दिसली होती, साबुदाण्याहून बारीक, पांढरीशुभ्र.

परतला तेव्हा साडेपाच वाजले होते. खिशातल्या डबीत सात राण्या होत्या, आणि आई गेलेली होती.

वय झालं होतं, असं डॉक्टर म्हणाले. यानं मान डोलावली. तिच्या कोरड्या ओठांकडे बघायची त्याला लाज वाटली, म्हणून त्यानं चादर घाईघाईनं वर ओढली.

चार दिवसांनी ताई, त्याची थोरली बहीण, आईचं सामान आवरायला बसली.

"वाटी कुठंय रे आईची?"

"असेल... इथंच कुठंतरी."

"त्या दिवशी चारला मी फोन केला होता. तिनं उशाशीचा फोन उचलला. वाटी वाजवत होती... दोनदा. थांबून पुन्हा दोनदा." ताईनं हातातलं आईचं लुगडं खाली ठेवलं. "मी तिला म्हटलं, तो आहे ना घरात, देईल की पाणी. आणि ठेवून दिला रे फोन."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. चार वाजता तर वाटी...

"मी घरात नव्हतो, ताई."

मग त्यानं खण उघडला. दुसरं करण्यासारखं काही उरलंच नव्हतं. कापूस तसाच होता, दोऱ्याची गाठही तशीच. पण एकाही नळीत अंडं नव्हतं. राण्या काचेला चिकटून बसल्या होत्या, पोटं फुगवून.

वाटी का बांधली ते त्यानं सांगितलं. ताईनं सगळं ऐकून घेतलं. शिवी दिली नाही, हात उगारला नाही, आणि त्यामुळे त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं दातांनी दोरा तोडला, वाटीत काठोकाठ पाणी भरलं, ती रिकाम्या खाटेवर ठेवली आणि निघून गेली.

आता ती रोज चार वाजता फोन करते. तो खाटेशेजारी बसून उचलतो. ती बोलत नाही, नुसती ऐकते.

"वाजतेय अजून," ती हळूच म्हणते. "दोनदा..."

फोन बंद होतो. तो वाटीकडे बघत बसतो, तिच्यात आणखी पाणी ओततो, कान लावतो. वाटीतलं पाणी हलत नाही. त्याला काहीच ऐकू येत नाही. घर अगदी शांत असतं, त्याला हवं होतं तसं.