थिजलेल्या बाटल्या

द्वारकाबाईंनी यंत्रातून काढलेली बाटली उलटी धरली. दूध खाली आलंच नाही. थिजून बसलं होतं.

सगळ्या बाटल्या तशाच. कालही हेच झालं होतं.

दाराशी फहमिदा बसली होती. तिच्या मांडीवर बाळंतपणात गेलेल्या बहिणीची लेक. रडून दमलेली ती चिमणी आता नुसते ओठ हलवत होती.

“पांढऱ्या पायाची बाई अन् फिरंगी यंत्र!” गर्दीतून दगडाबाई कडाडली. “फोडा ते!”

बाटल्यांतलं दूध तापवून निर्धोक करणारं ते वाफेचं यंत्र अमेरिकेहून आलं होतं. तिकडं गरिबांच्या लेकरांसाठी अशी दूधघरं निघाली, लेकरं जगू लागली. म्हणून इथल्या अमेरिकन डॉक्टरीणबाईंनी औरंगाबादेत, शहागंजात एक उघडलं आणि विधवा द्वारकाबाईंच्या हाती दिलं. डॉक्टरीणबाई सध्या साथीपायी फर्दापूरला होत्या.

पोलिसांचे अमीन जहांगीर खान पोचले, तोवर खिडकीवर दगड बसला होता.

“कुलूप ठोका, अमीनसाहेब,” दूधघराचे अध्यक्ष तात्यासाहेब म्हणाले. “या बाईला घरी पाठवा. लोकांना मी किती आवरू?”

समोरच त्यांचं घर. परसातून रेडकू रेकलं.

अमीनांनी काडीनं थोडं दूध काढून चाखलं. आंबट नव्हतं. पाणीही सुटलेलं नव्हतं. रंग मात्र पिवळसर.

“दूध कुणाचं?”

“फकिरा गवळ्याचं,” द्वारकाबाई म्हणाल्या. “आणि तात्यासाहेबांच्या घरचं, दानाचं. दोन्ही एकत्र करून तापवते.”

“तुमच्यावर कुणाचा राग?”

“कुणाचा नाही ते विचारा! एक तेवढी लक्ष्मीबाई, तात्यासाहेबांची विधवा सून. इथं काम शिकायचं म्हणत होती. मग दिसलीच नाही.”

फकिरा पुढं आला. “माझं दूध गावभर जातंय, सायब. कुणाचं थिजलं का, इचारा की!”

“आणि तुमचं, तात्यासाहेब?”

“आमच्या घरी तेच पितात. काही झालं नाही.”

“मोठ्या माणसाला काय इचारता?” दगडाबाई उसळली. “मी शेजारीण त्यांची. औंदा म्हैस व्याली तर चिकाची वाटी नाय आली, दरसाल येती. म्या तोंड उघडलं का? आरोपी हिथं हाय, ही रांड!”

“जबान सांभाळा,” अमीन म्हणाले. मग द्वारकाबाईंकडं वळले. “दोन्ही चरव्यांत दूध उरलंय?”

“तळाला आहे.”

“वेगवेगळं तापवा. सगळ्यांसमोर.”

गर्दी खिडकीशी दाटून उभी राहिली. यंत्र फुसफुसलं. झाकण निघालं. फकिराची बाटली डुचमळत होती. तात्यासाहेबांची थिजली होती.

“खरवस,” अमीन म्हणाले. “यंत्रानं काही बिघडवलं नाही. नुकत्याच व्यालेल्या म्हशीचा चीक ताज्या दुधात मिसळला, की तापवल्यावर हेच होणार. इथली कुठलीही बाई चुलीवर दोन्ही दुधं वेगळी तापवून सांगू शकली असती. पण यंत्राचं नाव निघालं आणि तुमची अक्कल गहाण पडली.”

“गड्याची चूक असेल,” तात्यासाहेब म्हणाले.

“चूक असती, तर दगडाबाईंची वाटी चुकली नसती. म्हैस व्याली हे कुणाच्या ध्यानात येऊ नये, म्हणून तुम्ही शेजारची रीत मोडली. रेडकाला मात्र गप्प करता आलं नाही.”

“पण का?” फहमिदा ओरडली. “माझी पोरगी उपाशी मारायची होती?”

तात्यासाहेबांचा तोल गेला. “विधवा बायका चार लोकांत काम करायच्या! आज दूधघर, उद्या बाजार! माझ्या घराण्यातली सून इथं बाटल्या धुणार?”

दगडाबाईच्या हातातला दगड पदराआड गेला.

“चला ठाण्यावर,” अमीन म्हणाले.

समोरचं दार उघडलं. डोक्यावरचा पदर घट्ट धरून लक्ष्मीबाई रस्ता ओलांडून आली. सासऱ्यांकडं तिनं पाहिलंच नाही. फहमिदापुढं बसून तिनं हात पसरले.

“द्या हिला माझ्याकडं. द्वारकाबाई, ती फकिराची बाटली आणा. कशी धरायची, तेवढं दाखवा.”