मॅचिंग सेंटरचा बसथांबा

दुसऱ्याच्या दुकानाच्या पायरीवर उभं राहून त्याचंच गिऱ्हाईक पळवायचं आणि वर हसायचं, याला काय म्हणतात ते मला सभ्य भाषेत सांगता येणार नाही. यादव मला पहिल्यांदा भेटला तो असा.

नाशिकरोडला आमचं मॅचिंग सेंटर आहे. ब्लाउजपीस, अस्तर, फॉल, लेस. गौरी-गणपती तोंडावर आले होते आणि बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. ट्यूबलाइटखाली रंग फसवतो, म्हणून आमच्याकडे प्रत्येक बाई साडी आणि कापड घेऊन पायरीवर उजेडात जाते आणि निवांत जुळवत बसते. इगतपुरीच्या कुसाबाई अशाच आमसुली साडी धरून उभ्या होत्या, तेवढ्यात त्यांच्या मोबाईलची घंटी वाजली. ‘जवळच’ नावाचं ॲप विचारत होतं, मनासारखं मिळत नाही का? समोरच्या मॉलमध्ये या, निम्म्या किमतीत घ्या. कुसाबाई “बघून येते” म्हणाल्या आणि गेल्या. गेले काही दिवस हेच चाललं होतं.

पायरीच्या कोपऱ्यात पावसाच्या आडोशाला उभा असलेला एक मुलगा स्वतःशीच म्हणाला, “वा… अगदी वेळेवर गेलं.”

“काय वेळेवर गेलं?” मी विचारलं.

तो चपापला. तो ‘जवळच’मध्येच कामाला होता. गळ्यातल्या ओळखपत्रावर ‘यादव’ लिहिलेलं. गिऱ्हाईक एका जागी फार वेळ थांबलं की त्याला हवं ते मिळालेलं नाही असं त्यांचं ॲप धरून चालतं, आणि पैसे भरणाऱ्या जवळच्या दुकानाची जाहिरात त्याला पाठवतं. हे त्याने मला कौतुकाने समजावून सांगितलं. माझं डोकंच फिरलं.

“मॅचिंगच्या दुकानात बाई थांबली म्हणजे तिला हवं ते मिळतंय, यादवसाहेब.”

“यादव माझं नाव आहे, आडनाव नाही. हरसूलचा आहे मी.”

“मग हरसूलच्या बाजारात शेजारच्या भाजीच्या पाटीपुढचं गिऱ्हाईक ओढतात का?”

“ओढलं तर ती पाटी डोक्यात बसते,” तो म्हणाला आणि हसला. हसताना चांगला दिसत होता, याचाही मला राग आला.

आईने सांगून ठेवलं होतं, या गौरींना धंदा झाला नाही तर गाळा मोबाईलवाल्याला भाड्याने द्यायचा. आणि मला तर या दुकानाशिवाय दुसरं काही करायचंच नव्हतं. म्हणून मी यादवला बजावलं, उद्या या आणि इथे उभे राहून बघा.

तो खरंच आला. उंच होता, म्हणून मी त्याच्या खांद्यावर साड्या टाकल्या आणि पायरीवर उभा केला. बायका त्याच्याभोवती कापडं धरून बघू लागल्या.

“हा रंग कुठला?” मी विचारलं.

“निळा.”

“मोरपंखी आहे.”

“म्हणजे… तुमच्या कानातल्यांसारखा?”

माझ्या हातातलं कापड वाकडं कापलं गेलं. त्याचा राग मी त्याच्यावरच काढला. तो रोज येऊ लागला. इथली घंटी बंद करा म्हणून साहेबांशी बोललो, पण ते ऐकत नाहीत, म्हणाला. मग तुम्हीही जाहिरात द्या, मॉलमधल्या बायकांना तुमची घंटी जाईल, असंही सुचवून बघितलं. चोराच्या घरी मी पण चोरी करू का, असं विचारल्यावर पुन्हा खांद्यावर साड्या घेऊन पायरीवर उभा राहिला.

आणि अचानक घंट्या थांबल्या. मी खुशीत होते, तोवर एक भिजलेले आजोबा दुकानात शिरले आणि त्र्यंबकची गाडी इथूनच ना, म्हणून विचारू लागले. त्यांनी मोबाईल दाखवला. ‘जवळच’च्या नकाशावर आमच्या दुकानाचा बसथांबा झाला होता.

“मीच टाकला तो. थांब्यावर लोक थांबतातच,” यादव मान खाली घालून म्हणाला. “तिथे ॲप घंटी वाजवत नाही.”

“माझं दुकान वाचावं म्हणून म्हाताऱ्या माणसाला पावसात न येणाऱ्या गाडीची वाट बघायला लावणार? आत्ताच्या आत्ता काढा ते.”

त्याने काढलं. मी आजोबांना रिक्षात बसवून खऱ्या थांब्यावर पाठवलं. दुसऱ्या दिवशी ऐन गर्दीत घंट्या पुन्हा सुरू झाल्या. मला राहवलं नाही. घंटी का वाजते, कोण वाजवतं, सगळं मी बायकांना उघड सांगून टाकलं.

त्या दिवशी मॉलमध्ये गेलेल्या कुसाबाई आज परत आमच्याकडे आल्या होत्या, त्या भडकल्या. “मी हितं उभी हाय ते त्याला कसं कळतं? पाळत ठेवतो का मेला? तिथं लय स्वस्त म्हनून गेले, तर रंगच जुळंना. ए पोरा, हे काढून कसं टाकायचं?”

यादवने माझ्याकडे बघितलं. मग कुसाबाईंचा मोबाईल घेतला आणि स्वतःच्या कंपनीचं ॲप काढून टाकलं. बायकांनी एकेक करून मोबाईल पुढे केले. तो काढत गेला.

गौरी यायच्या आदल्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नव्हती. गाळा आता कुणाला देत नाही, असं आईने सकाळीच सांगितलं होतं. तेवढ्यात यादव आला. गळ्यात ओळखपत्र नव्हतं. मॉलवाल्यांनी तक्रार केली होती. पुण्यात मित्राने काम बघितलंय, निघतो, एवढंच म्हणाला.

मी मीटरपट्टी आपटली. “कुणाला विचारून नोकरी घालवलीस? आणि आता कुणाला विचारून पुण्याला चाललास?”

“कुणाला विचारायला हवं होतं?”

“मला.”

“तुम्हाला… का?”

“कारण तू मला आवडतोस. हेही भर दुकानात मीच सांगायचं का?”

सगळ्या बायका माना वळवून बघत होत्या. आई फॉल मोजायचं सोडून ऐकत होती. यादवने तिथेच मित्राला फोन लावला आणि येत नाही म्हणून सांगितलं. पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं. “नाशकातच शोधतो,” तो म्हणाला. फोन खिशात टाकला आणि काउंटरवरचा माझा हात धरला. माझा राग काही गेला नव्हता, पण हात मी सोडवून घेतला नाही.