बागेवरून न उडालेला ड्रोन

"उद्यानाचं आकाश सुरक्षित, तर राष्ट्र सुरक्षित!" उद्यान अधिकारी खंडेराव साहेबांनी टेबलावर मूठ आपटून जाहीर केलं आणि ते ऐटीत खुर्चीवर बसले. लगेच उठले. खुर्चीत कार्यालयाचं मांजर आधीपासून झोपलं होतं.

बोईसरच्या हरितवैभव उद्यानात एक मोडकी घसरगुंडी होती आणि सूचनाफलक भरपूर. 'ड्रोन उडवण्यास मनाई' हा सगळ्यात नवा. तो नियम मोडल्याची नोटीस तेरा वर्षांच्या हिमानीला आली होती. ती बागेजवळून जात असताना रखवालदार धर्मेशने तिच्या पिशवीतला ड्रोनही काढून घेतला होता.

"मी बागेवरून उडवलाच नाही!" हिमानी म्हणाली. "आमच्या किनाऱ्यावर उडवला. कावळे हाकलायला!"

"धर्मेशने उडत्या ड्रोनचा फोटो काढलाय!" साहेबांनी पुरावा पुढे सरकवला. "आता ड्रोन कायमचा जप्त!"

हिमानीचा चेहरा उतरला. ड्रोन बाबांचा होता. ते लग्नांचं शूटिंग करायचे. दिवाळीनंतर ताप आला आणि बाबा गेले. त्यांचं शेवटचं चित्रण ड्रोनच्या कार्डात होतं. ते बघायचा धीर तिला अजून झाला नव्हता.

सोबत आलेल्या, तिच्या वर्गातल्या दर्पणने फोटो नाकाला लावला. "हिमानी, खाली बघ! ही बांबूंची चौकट कसली?"

"वलांडी. बोंबील वाळत घालतात तिच्यावर..." हिमानी थबकली.

दर्पणची धाकटी बहीण उन्नती गंभीरपणे म्हणाली, "साहेब, तुमच्या बागेत बोंबील कुठल्या झाडाला लागतात?"

साहेबांनी चष्मा लावला. काढला. पुन्हा लावला. बोंबील तिथेच होते, जबड्यात जबडा अडकवून.

दारात उभी असलेली हिमानीची आई पुढे आली. "आमचीच वलांडी हाय ती. हा धर्मेश तवा आलता आमच्याकडं. साहेबांचे बोंबील न्यायला."

"ड्युटीच्या वेळेत?" साहेब गरजले.

"तुम्हीच पाठवलंत, साहेब," धर्मेश पुटपुटला. "महिन्याला एक तरी केस पाहिजे, हेही तुम्हीच म्हणालात. म्हटलं, एका फेरीत दोन्ही कामं उरकू."



"किनारा आमच्या हद्दीत येत नाही," साहेब शेवटी म्हणाले आणि नोटीस रद्द झाली. "जिंकलो!" उन्नती ओरडली.

हिमानी मात्र परत मिळालेल्या ड्रोनमधून काढलेल्या कार्डाकडे बघत होती. बाबांचा संगणक केव्हाच विकला गेला होता. "इथंच लावू, आई?" तिने साहेबांच्या टेबलावरच्या संगणकाकडे बोट दाखवलं. आईने मान डोलावली.

पडद्यावर किनारा उलगडला. वाळूत बाबा उभे होते. एका हातात रिमोट, दुसरा हात वर हलवत काहीतरी सांगत होते. ड्रोन आवाज टिपत नाही.

"काय म्हणत असतील गं?"

"भूक लागली म्हणत असंल. दुसरं काय!" आई हसली आणि तिने पदर तोंडावर घट्ट धरला.

तेवढ्यात खंडेराव साहेब पडद्यापुढे येऊन उभे राहिले. "शाब्बास, मुलांनो! अशा चौकस, निर्भीड, सत्यप्रिय पिढीच्या हाती या देशाचं भवितव्य..."

"साहेब," हिमानी हळूच म्हणाली, "जरा बाजूला सरकता का? बाबा दिसत नाहीयेत."