बर्फ बाहेरून

"अय्यो अक्का, यात किडे वळवळतायत!"

अळणावर स्टेशनबाहेरच्या सोड्याच्या दुकानात प्रभंजन दचकला. तरी तिनं मागितलेला बर्फाचा खडा तो तिच्या बरणीत टाकणार, तोच दीपश्रीनं त्याचं मनगट घट्ट धरलं.

"आत नको! एकदम गारठून मरतील हो... बर्फ बाहेरून!"

मनगट सोडायचं तिला क्षणभर सुचलंच नाही.

शहाण्णव साल होतं. दीपश्री धारवाडला बुरशीवर संशोधन करत होती. ओढ्याच्या वाहत्या पाण्यात दगडांना चिकटलेल्या अळ्यांच्या आतड्यात एक बुरशी राहते, ती तिला हवी होती. अळणावरच्या ओढ्याच्या तीन फेऱ्या वाया गेल्या होत्या; आज चौथ्यांदा बरणीत अळ्या घेऊन ती परत निघाली होती. "आज नाही सापडली तर विषय बदला," सरांनी बजावलं होतं. त्यात गाडी दोन तास लेट, आणि बरणीभोवतीच्या बर्फाचं पाणी झालेलं!

"गारवा गेला तर अळ्या मरतात, नाहीतर कात टाकतात," ती घाईघाईनं सांगू लागली. "कातेबरोबर आतड्याचं अस्तर जातं, अन् बुरशीही."

"म्हणजे पोटात भाडेकरू?"

"भाडं देत नाही, त्रासही देत नाही."

"मग घरजावईच की!"

ती खळखळून हसली. तेवढ्यात गाडीची शिट्टी झाली. प्रभंजननं दुकान शेजारच्या नागोजीकाकांवर सोपवलं अन् बर्फाची अख्खी लादी गोणपाटात गुंडाळली.

"चला अक्का, धारवाडपर्यंत मी येतो."

वाटभर तो बर्फ फोडून बरणीभोवती लावत होता. बोटं बधिर झाली, बडबड थांबली नाही.

प्रयोगशाळेत पोचताच तिनं जिवंत अळी घेतली, दोऱ्याएवढं आतडं उलगडलं, स्लाइड मायक्रोस्कोपखाली सरकवली... आणि डोळा लावला. अस्तराला धरून उभे असलेले काचेसारखे धागे — झुपकेच्या झुपके!

"आहे! आहे हो! बघा ना!"

तो वाकला. पण गारठलेल्या बोटांनी स्क्रू फिरेना. तिनं आपला उबदार हात त्याच्या बोटांवर ठेवून स्क्रू हलकेच फिरवला.

"दिसलं?"

"दिसलं... दुसरीकडं कुठंच राहत नाही ही?"

"नाही. तिथंच."

"हट्टी आहे." त्यानं मायक्रोस्कोपवरून डोळा उचलला अन् तिच्याकडं बघत राहिला. "पुढच्या शनिवारीही बर्फ ठेवू ना, अक्का?"

भाजीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळेच तिला अक्का म्हणत. तिला त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

"ठेवा. पण..." तिचा हात अजून त्याच्या गार बोटांवरच होता. "अक्का नका म्हणू हो."