गोदामातला आवाज

"माझ्या मुलीचा आवाज चोरीला गेलाय," म्हातारा म्हणाला, आणि भाऊजींचं टिपण तिथंच थांबलं. तपास वहिनींचा, टिपणं त्यांच्या दिराची, म्हणजे भाऊजींची.

म्हाताऱ्याला दिसत नव्हतं. फोनमधलं एक ॲप त्याला बातम्या, पत्रं, वेळ सगळं वाचून दाखवायचं, तेही त्याच्या लेकीच्या आवाजात. ते बनवणाऱ्या कंपनीतच ती कामाला होती. गेल्या वर्षी आजारपणात गेली. आवाज तेवढा मागे राहिला. गेल्या आठवड्यात ॲपची नवी आवृत्ती आली आणि त्यातून दुसरीच बाई बोलू लागली.

"तिचा एकही शब्द उरला नाही?" वहिनींनी विचारलं.

"एक उरलाय. बॅटरी संपत आली की 'चार्जिंगला लावा' एवढं तीच म्हणते. म्हणून रोज मी फोन उपाशी ठेवतो, पोरी. ती एवढंच बोलते, आणि फोन विझतो."

भाऊजींनी वही खाली ठेवली. वहिनींनी मात्र विचारलं, "तिथं तिचं कुणी होतं?"

"लग्न ठरलं होतं तिथल्याच एकाशी. पोर गेली, तसा तोही फिरकला नाही."

कंपनीत वहिनींनी "एका ग्राहकाची तक्रार आहे" एवढंच सांगितलं.

"नवा आवाज जोडीला द्यायचा होता, ज्याला जो हवा तो," साहेब म्हणाले. "जुना कुणीतरी पुसला. दुसरं काय!"

नव्या आवाजाची निवेदिका फणकारली. "मी कुणाचं पुसायला कशाला जाऊ? दिलेली वाक्यं वाचली. बॅटरीबिटरीचे इशारे अजून वाचायचेत."

शेवटी बिल्डवाला. ॲप बांधणारी यंत्रं त्याच्या ताब्यात. त्याच्या संगणकाचा स्पीकर बंद केलेला होता.

"एक टप्पा आवाजाच्या फाइलींचा गठ्ठा करून गोदामात, म्हणजे सर्व्हरवरच्या साठ्यात, ठेवतो," तो म्हणाला. "आम्ही त्याला आर्टिफॅक्ट म्हणतो. पुढचा टप्पा तो उतरवून घेतो आणि ॲपमध्ये भरतो."

"कुठला गठ्ठा उतरवायचा ते सांगता?"

"नाही. असेल ते सगळं एका फोल्डरमध्ये. पहिल्यापासून एकच गठ्ठा असायचा, नाव कशाला घालायचं?" मग त्यानंच विचारलं, "काका बरे आहेत ना?"

"बरे आहेत की," भाऊजी म्हणाले.

जिन्यात वहिनी हसल्या. "भाऊजी, आपण काकांचं नाव तरी काढलं होतं का?"

संध्याकाळी वहिनींनी सगळ्यांना कंपनीतच बोलावलं. म्हातारा भिंतीशी बाकावर बसला.

"पुसलं कुणीच नाही," वहिनी म्हणाल्या. "पुसलं असतं तर तो इशाराही गेला असता. आता गोदामात दोन गठ्ठे, आणि आतल्या फाइलींची नावं तीच. एका फोल्डरमध्ये उतरले. नंतरचा आधीच्यावर बसला. निवेदिकाबाईंनी इशारे वाचलेच नव्हते, म्हणून तेवढी फाइल झाकली गेली नाही. गोदामात मुलीचा गठ्ठा आजही जसाच्या तसा आहे."

"मग ही चूकच!" भाऊजी म्हणाले.

"चूकच. पण एकाला ती कळली होती. तक्रार कुणाची, हे न सांगता ज्यानं ओळखलं त्याला. लग्न त्याच्याशीच ठरलं होतं."

बिल्डवाल्यानं मान खाली घातली. "पहिल्याच दिवशी कळलं. दुरुस्ती एका ओळीची. पण दिवसभर तपासणीत ती बोलायची, वेळ सांगायची, आणि मला उत्तर देता यायचं नाही. आवाज बंद केला तरी तिचे ओठ डोळ्यांसमोर हलायचे. वाटलं, झाकलंय तर राहू दे."

"अरे, तू झाकून ठेवलंस," म्हातारा हळूच म्हणाला, "आणि मी इकडे अंधारात तिला शोधत होतो."

बिल्डवाल्यानं तिथंच ती ओळ लिहिली: प्रत्येक गठ्ठ्याचं नाव, प्रत्येकाचा वेगळा फोल्डर. यंत्रं फिरली. म्हाताऱ्याच्या फोनवर ॲप उतरलं, आणि वहिनींनी त्यात लेकीचा आवाज निवडला.

"किती वाजले गं?" म्हाताऱ्यानं विचारलं.

तिनं सांगितलं.

थोड्या वेळानं त्यानं पुन्हा विचारलं. तिनं पुन्हा सांगितलं, जराही न कंटाळता.

बिल्डवाला दाराशी उभा होता. "काका, मी बसू?"

म्हातारा सरकला. बाकावर जागा झाली.

"तू विचार आता," तो म्हणाला.