पाच वाजताचा डोस

आस्टा क्रोगच्या डोक्यावर सरपणाच्या कुऱ्हाडीच्या बोथट बाजूने निदान सहा घाव बसले होते. पहिल्याच घावात बाई गेली असावी. उरलेले पाच निव्वळ संतापाचे होते.

पोलीस निरीक्षक विबेके नॉर्स्कोव स्वयंपाकघराच्या दारातच थांबली. नोकरीची तीस वर्षं इथे उपयोगाची नव्हती. आस्टा तिच्या ओळखीची होती. सगळ्या मोर्स बेटाच्याच ओळखीची होती म्हणा. जनावरांच्या हृदयाची डॉक्टर. निवृत्त झाल्यावरही दर मंगळवारी दुखऱ्या हृदयाच्या कुत्र्यामांजरांच्या मालकांचा क्लब भरवायची, त्यांना कॉफी पाजायची आणि दम भरायची. "छप्पर कोसळलं तरी चालेल, पाचचा डोस चुकता कामा नये!" त्या दमाचा एवढा वचक, की संध्याकाळी पाचच्या ठोक्याला बेटावर घरोघर फोनचे गजर किणकिणायचे आणि पावाच्या तुकड्यावरची, औषध दडवलेली लिव्हर पेस्ट कुत्र्यांच्या तोंडात जायची.

विबेकेचाही फोन किणकिणायचा. तिची मांजर सिल्ड अकरा वर्षांची, हृदय फुगलेलं. झोपेत ती मिनिटाला किती श्वास घेते, हे विबेके रोज घड्याळ लावून मोजायची. तिसाच्या आत हवेत. काल चाळीस होते. दोन वर्षं पाले बुनगोर या गिरणीवाल्याची हृदयाची पावडर न चुकता दिली, तरी आकडा चढतच होता. विबेकेच्या जिवाला घोर लागला होता, कारण त्या मांजरीखेरीज घरी तिची वाट बघणारं कुणी नव्हतं.

आज सकाळीच आस्टाचा फोन आला होता. "संध्याकाळी चक्कर टाक. येताना सिल्डच्या पावडरीचा डबा घेऊन ये." का, ते सांगितलं नव्हतं. डबा अजून गाडीतच होता.

"खुनी अंगणात बसलाय," तिचा सहकारी ट्रोल्स म्हणाला. "एगॉन त्राने. शर्ट रक्ताने भिजलाय. त्यानेच फोन केला, साडेपाचला. कालच क्लबात सगळ्यांसमोर तिला म्हणाला होता, तुझी खोपडी फोडीन. बेड्या घालू?"

"थांब जरा. खोपडी फोडणारे स्वतः फोन करून पोलिसांना बोलवत नाहीत."

एगॉन कॉकर जातीची कुत्री पाळायचा आणि विकायचा. साठीचा दणकट माणूस बाकावर वाकून ओकत होता.

"कशाला आला होतास, एगॉन?"

"माफी मागायला. काल नको ते बोललो."

"का बोललास?"

"माझी लाडकी कुत्री, फ्रिडा गेली, विबेके. दीड वर्ष या बाईच्या सांगण्यावरून पालेची पावडर दिली. एक दिवस चुकवला नाही. तरी माझ्या मांडीवर धापा टाकत गेली."

"शर्टाला रक्त कसं लागलं?"

"उचलायला गेलो तिला. डोकं... डोकं धड हातात येईना." तो पुन्हा ओकला.

"टेबलाखाली तिच्या कुत्रीची वाटी चाटलेली दिसली. तू काही खायला घातलंस?"

एगॉनने वेड्याकडे पाहावं तसं तिच्याकडे पाहिलं. "खायला? मी इथे आतडी बाहेर काढतोय आणि तू कुत्रीच्या जेवणाचं विचारतेस?"

विबेके आत गेली. आस्टाची मुस्काट नावाची म्हातारी कॉकर कुत्री रक्ताळलेल्या पंजांनिशी टेबलाखाली बसली होती. तिच्यापुढे तिची वाटी. चाटूनपुसून साफ, कडेला तेवढं लिव्हर पेस्टचं बोट. विबेकेने वाटी उचलली. खाली रक्ताचे शिंतोडे होते, वाटीच्या बुडाने फिसकटलेले.

"ट्रोल्स, रक्त आधी उडालं. वाटी नंतर ठेवली गेली."

"म्हणजे बाई मेल्यावर कुणीतरी कुत्रीला खायला दिलं?"

"खायला नाही, डोस दिला."

ओट्यावर पालेच्या पावडरीचा डबा होता, त्यात चमचा. फ्रिजवर आस्टाच्या अक्षरात कागद: पाच वाजता, एक चमचा पालेची पावडर, लिव्हर पेस्टमध्ये. पण चमचा कोरडा होता आणि पेस्टमध्ये पावडरीचा कण नव्हता. विबेके गुडघ्यांवर बसली आणि तिने बाकाखाली टॉर्च मारला. तिथे एक चावून थुंकलेली कॅप्सूल पडली होती. अर्धी निळी, अर्धी पांढरी.

ती अंगणात आली. "एगॉन, मुस्काट कॅप्सूल घेते का?"

"छे! थुंकते. म्हणून तर आस्टा तिला पावडर द्यायची. क्लबातल्या शेंबड्या पोरालासुद्धा माहीत आहे ते."

तरीही ट्रोल्सने एगॉनला कोठडीत नेलंच. रक्ताने भिजलेला शर्ट आणि क्लबातली धमकी एवढं वरिष्ठांना पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी पावणेपाचला विबेके पाले बुनगोरकडे गेली. पाले म्हणजे बेटाचा लाडका माणूस. जुन्या गिरणीत जनावरांच्या हृदयासाठी पावडर बनवायचा. तिच्यात टॉरिन असायचं. ते कमी पडलं की हृदयाचा स्नायू सैल पडतो, आणि मांजरीला तर ते अन्नातूनच मिळवावं लागतं. भिंतभर डबे होते, प्रत्येक डब्यावर हसरं कुत्रं आणि खाली छापलेलं: बरोबर पाच वाजता.

"ये ये, विबेके! कॉफी घेतेस की थेट बेड्या?" पाले हसला आणि लगेच गंभीर झाला. "वाईट झालं गं. आस्टासारखी बाई..."

"शेवटचा कधी भेटलास तिला?"

"महिना झाला असेल. क्लबात मी कुठे जातो? माझे डबे जातात."

"काल दुपारी कुठे होतास?"

"इथेच, गिरणीवर. बाल्डर साक्षीला आहे. पण भुंकण्यापलीकडे काही सांगणार नाही तो."

बाल्डर म्हणजे त्याचं भलंमोठं काळं न्यूफाउंडलंड कुत्रं. तेवढ्यात दोघांचेही फोन किणकिणले. पाच! पाले बोलता बोलता उठला, पावाच्या तुकड्यावर लिव्हर पेस्ट फासली, डाव्या खिशातल्या पत्र्याच्या डबीतून काहीतरी काढून त्यात दाबलं आणि तुकडा बाल्डरच्या तोंडात सोडला. सवयीचा हात होता, त्याचं त्यालाही भान नव्हतं.

विबेकेने कॉफी संपवली, आभार मानले आणि निघाली. घरी तिने सिल्डला नुसता मासा घातला, पावडर टाकली नाही. रात्री श्वास मोजले. बेचाळीस.

सकाळी तिने दोन फोन केले. पहिला औषधांच्या दुकानात. शुद्ध टॉरिन? सोमवारी येईल, बाई. आज शुक्रवार होता. दुसरा फोन आस्टाच्या मोबाईलमधल्या एका प्रयोगशाळेच्या नंबरावर. तो बराच वेळ चालला. फोन ठेवल्याबरोबर विबेकेने सिल्डचा डबा गाडीत नेऊन ठेवला.

साडेचारला ती ट्रोल्सला घेऊन गिरणीत शिरली. हातात सिल्डचा डबा होता.

"पाले, दोन ग्लास पाणी दे."

त्याने हसत दिले. विबेकेने एका ग्लासात सिल्डच्या डब्यातली चमचाभर पावडर टाकली आणि ढवळली. पाणी दुधाळ झालं.

"आता तुझ्या डाव्या खिशातली एक कॅप्सूल दे."

पालेचं हसू जागच्या जागी राहिलं. त्याने डबी काढून टेबलावर ठेवली. कॅप्सूल अर्ध्या निळ्या, अर्ध्या पांढऱ्या होत्या. विबेकेने एक उघडून दुसऱ्या ग्लासात रिकामी केली आणि ढवळली. पाणी नितळ राहिलं.

"टॉरिन पाण्यात विरघळतं. तांदळाचं पीठ नाही विरघळत," ती म्हणाली. "आस्टाला एगॉनच्या फ्रिडाचं मरण लागलं होतं. तिने तुझा डबा तपासायला पाठवला. परवा सकाळी निकाल आला: निव्वळ तांदूळ. तिने मला सिल्डचा डबा आणायला सांगितला आणि तुलाही बोलावलं. तुला तिने सुधारायची संधी दिली असेल. तशीच होती ती."

"या कॅप्सूल कुणीही विकत घेऊ शकतं."

"घेऊ शकतं. पण तू का घेतोस, पाले? गिरणीभर तुझी पावडर असताना तुझं कुत्रं दुसऱ्याची कॅप्सूल का खातं?"

पालेने डबीचं झाकण लावलं.

"तू तिला मारलंस. सहा घाव. मग पाच वाजले, खिशात फोन किणकिणला आणि मुस्काट वाटीपाशी येऊन बसली. तू पळून जायला हवं होतंस. पण हृदयाचा आजारी कुत्रा समोर आणि डोस चुकवायचा, हे तुला जमलं नाही. ओट्यावर डबा होता, त्यात चमचा होता, फ्रिजवर कागद होता. बेटावरच्या कुणीही तीच पावडर दिली असती. एगॉनने, ट्रोल्सने, मीसुद्धा! ती पावडर कुचकामी आहे हे दोघांनाच ठाऊक होतं. एक जमिनीवर मरून पडली होती. दुसऱ्याने खिशातून खरी कॅप्सूल काढली. क्लबात कधी आला असतास तर कळलं असतं, की मुस्काट कॅप्सूल थुंकते."

"माल महागला होता," पाले पुटपुटला. "सहाच महिने, म्हटलं. मग कुणाला काही फरकच दिसेना..."

"फ्रिडाला दिसला."

त्याने भिंतीपाशी टेकवलेला लोखंडी दांडा कधी उचलला ते ट्रोल्सला कळलंच नाही. गळ्याजवळचं हाड मोडल्याचा आवाज तेवढा झाला आणि ट्रोल्स किंचाळत कोसळला. दुसरा वार विबेकेच्या कानाजवळून जाऊन टेबलावर आदळला. ग्लास फुटले. तिसऱ्यासाठी त्याने दांडा डोक्यावर उचलला, तेव्हा विबेकेच्या हाती फक्त डबा होता. तिने तो दोन्ही हातांनी, दोन वर्षांच्या सगळ्या संध्याकाळी एकवटून, त्याच्या तोंडावर हाणला. नाकाचं हाड पिचलं. तिने पुन्हा हाणला. झाकण उडालं, दात पडले. तिसऱ्यांदा हाणताना आपण थांबायला हवं हे तिला कळत होतं. तरी तिने हाणला.

पाले जमिनीवर पडला. सांडलेली पावडर त्याच्या रक्तात मिसळली आणि भाकरीच्या पिठासारखा तिचा गोळा झाला. विबेकेने त्याच्या हातात बेड्या अडकवल्या आणि ट्रोल्ससाठी रुग्णवाहिका बोलावली.

मग फोन किणकिणले. तिघांचेही फोन होते; तिसरा ट्रोल्सचा, त्याच्या आईच्या मांजरासाठीचा. बाल्डर कोपऱ्यातून थरथरत आला आणि मालकाच्या तोंडाशी हुंगू लागला.

"त्याचा डोस..." पाले फुटक्या ओठांनी म्हणाला. "विबेके, त्याने काही केलेलं नाही."

"सिल्डनेही काही केलं नव्हतं."

पण तिने डबी घेतली, पाव शोधला, पेस्ट फासली, त्यात एक कॅप्सूल दाबली आणि बाल्डरला दिलं. त्याने एका घासात गिळलं. डबीत अकरा कॅप्सूल उरल्या.

"तुझी मांजर किती किलोची?" पालेने डोळे मिटूनच विचारलं.

तिला त्याच्या तोंडावर थुंकावंसं वाटलं. "चार."

"अर्धी. सकाळ-संध्याकाळ. उघडून, माशात. उशीर करू नकोस."

घरी सिल्ड नेहमीप्रमाणे दाराशी आली नाही. खिडकीतल्या उशीवर पडून होती, फासळ्या भराभर हलत होत्या. विबेकेने मासा कुस्करला, त्यात निळ्या-पांढऱ्या कॅप्सूलची अर्धी पूड मिसळली आणि वाटी तिच्या नाकाशी धरली. सिल्डने हुंगलं, तोंड फिरवलं, मग पुन्हा वळवलं आणि हळूहळू सगळं चाटून घेतलं. विबेकेने घड्याळ लावलं. चव्वेचाळीस. ती तिथेच जमिनीवर बसून रडली, आस्टासाठी, फ्रिडासाठी, आणि आपण स्वतःच्या हाताने भरवलेल्या दोन वर्षांच्या तांदळासाठी.

मग तिने जप्तीचा कागद पुढे ओढला आणि आरोपीच्या डाव्या खिशातल्या वस्तू लिहायला घेतल्या. पत्र्याची डबी, एक. कॅप्सूल, निळ्या-पांढऱ्या. आजची अर्धी धरून सिल्डला सोमवारपर्यंत तीन लागणार होत्या. तिने लिहिलं: आठ.