एकसष्टावं पान

ही गोष्ट घडलेली आहे. रंजीता ती सहसा सांगत नाही. सांगितलीच, तर ऐकणारा हसला तरी वाद घालत नाही.

गेल्या वर्षीचा, भाऊबीजेनंतरचा दुसरा शुक्रवार. गाव सिंदेवाही, रंजीताचं माहेर.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

तिचे वडील गुणवंतराव पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या नाटकांत प्रॉम्प्टर होते. एकतीस वर्षं ते स्टेजपुढच्या खड्ड्यात बसले, मांडीवर वही घेऊन. तालमी थोड्या, नाटकं भरपूर. नटांना प्रत्येक वाक्य खालून मिळायचं. सपाट आवाजात, भाव न घालता, एक श्वास आधी.

त्यांचा नियम एकच. नटानं प्रॉम्प्टरकडं वळून पाहायचं नाही.

कुणी पाहिलं, की ते वही मिटायचे.

पोस्टरवर त्यांचं नाव कधी आलं नाही. प्रॉम्प्टरचं येतही नाही. म्हणून की काय, शेवटच्या वर्षी त्यांनी स्वतः नाटक लिहिलं, ‘वेशीवरची लेक’. दोन अंक छापून वडशाच्या नाटक कंपनीत, विनोदभाऊंना दिले. तिसरा संगणकात होता. ऑगस्टमध्ये ते गेले. महिन्याभरात तो जुना संगणकही बंद पडला.

कंपनीचे मालक विनोदभाऊ शब्दाचे पक्के. त्यांनी पोस्टरवर लेखक म्हणून गुणवंतरावांचं नाव ठसठशीत छापलं. त्या शुक्रवारी रात्री मूल शहराजवळच्या एका गावात पहिला प्रयोग होता. सकाळी त्यांचा फोन आला.

“बाई, चार वाजेपर्यंत तिसरा अंक आला तं ठीक. नाई तं मले मागच्या वर्षीचं नाटक लावा लागन. खाली बसणाऱ्याच्या हातात कागदच नसन, तं वरचा काय बोलन?”

रंजीता तीन दिवस त्याच कामाला बसली होती.

फाइल पेनड्राइव्हवर सुखरूप होती. पण उघडली की मराठीच्या जागी चौकोन, टिंबं आणि उलटी प्रश्नचिन्हं. वडिलांचं टायपिंगचं सॉफ्टवेअर वीस वर्षांपूर्वीचं, तिच्या लॅपटॉपवरचं विंडोज नवंकोरं. सीडी सापडली, तर लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही. बाहेरून जोडायचा ड्राइव्ह नागपूरहून मागवला. तो आला, तर पडद्यावर एकच ओळ: हा प्रोग्राम या संगणकावर चालू शकत नाही.

सेटिंगमध्ये जाऊन जुन्या विंडोजचं नाव निवडलं. तीच ओळ. लॅपटॉप बंद करून चालू केला. तीच ओळ. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी केव्हाच बुडालेली. इंटरनेटवर कुणीतरी दहा वर्षांपूर्वी हाच प्रश्न विचारला होता. खाली त्यानंच लिहिलं होतं, ‘सुटला. धन्यवाद.’

कसा सुटला, ते लिहिलं नव्हतं. त्या माणसाला तिनं मनातल्या मनात पुष्कळ ऐकवलं.

शेवटी मूलच्या अजयनं फोनवर मार्ग सांगितला. वडिलांचा संगणक तोच दुरुस्त करायचा. लॅपटॉपच्या आतच एक जुना संगणक उभा करायचा, नुसता सॉफ्टवेअरचा.

“तो खरा नसते, ताई. पण आतल्या प्रोग्रामले ते समजत नाई. त्याले वाटते, जुनेच दिवस चालू आहेत.”

ते करण्यात शुक्रवारची सकाळ गेली. प्रोग्राम उघडला आणि म्हणाला, परवान्याची मुदत संपली आहे.

पुन्हा फोन. अजयनं शांतपणे सांगितलं की आतल्या संगणकाची तारीख मागं न्या, दोन हजार अकराच्या आधीची कोणतीही चालेल. मग थांबून म्हणाला, “तुमचे बाबा तं रोज सकाळी हेच करत. तुमाले माईत नाई काय?”

तिला माहीत नव्हतं.

तिनं मनात आली ती तारीख टाकली. स्वतःच्या लग्नाची.

प्रोग्राम चालू झाला.

मजकूर बाहेर काढता येत नव्हता. म्हणून ती एकेका पानाचा मोबाइलवर फोटो काढून विनोदभाऊंना पाठवू लागली. साठावं पान गेलं. त्यावर शेवटची ओळ नाटकातल्या मुलीची होती, ‘बाबा, निघू मी?’

एकसष्टावं पान शेवटचं. ते उघडलं...

आणि प्रोग्राम बंद झाला.

पुन्हा चालू केला. पुन्हा बंद. अकरा वेळा. दर वेळी पान क्षणभर दिसायचं, नऊ वाक्यं आहेत, शेवटचं मुलीचं, एवढं कळायचं, आणि जायचं. साडेतीन होत आले होते. तिनं टेबलावर हात आपटला.

“एवढं एक पान वहीत लिहून ठेवता आलं नाही, बाबा?”

तेवढ्यात लाइट गेली. पंखा घरघरत थांबला. मागच्या शेतात सकाळपासून धानाची मळणी चालू होती...

तोही आवाज थांबला.

शेजारच्या इंदुताईंचा टीव्ही नाही, कुत्रं नाही, पाखरू नाही. बॅटरीवर चालणारा लॅपटॉप तेवढा उजळलेला.

मग मागून...

खोकला.

बारीक, एकदाच. वाक्य देण्याआधी गुणवंतराव खोकायचे, तसा.

“जा बाई. गाडी थांबत नाई.”

आवाज सपाट होता. आणि फार खालून येत होता. खुर्चीच्या उंचीवरून नाही, फरशीवरूनही नाही. फरशीच्या खाली कुणी बसलं असावं, तसा.

साठाव्या पानावरच्या प्रश्नाचं ते उत्तर होतं.

रंजीतानं मान हलवली नाही. तिला नियम माहीत होता. विजेच्या बिलाची मागची बाजू पुढं ओढली आणि लिहिलं. लिहून झालं की पुढचं वाक्य यायचं. ना घाई, ना खोळंबा. सात वाक्यं झाली. आठवं आलं.

“वेस ओलांडेपर्यंत मांगं पाहू नको. पाह्यलं तं माझ्यानं उभं राहवणार नाई.”

आता एकच वाक्य उरलं होतं. मुलीचं.

मागं श्वास घेतल्याचा आवाज झाला...

तीन महिन्यांनी ती तो आवाज ऐकत होती.

तिनं वळून पाहिलं.

कुणी नव्हतं. रिकामी फरशी, भिंतीला टेकवलेली चटई.

आणि... वही मिटल्याचा आवाज.

“चुकलं माझं, बाबा,” ती म्हणाली, जेमतेम ओठांतल्या ओठांत. “पाह्यलं मी वळून.”

मळणी पुन्हा सुरू झाली. तिनं बिलाचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं: शेवटचं वाक्य मिळालं नाही. पडदा तिथंच पाडा.

दुसऱ्या दिवशी सकाळी विनोदभाऊंचा फोन आला. माणसं रडली, म्हणाले. माइकवरून गुणवंतरावांचं नाव पुकारलं, तेव्हा टाळ्या थांबेनात. रंजीता ऐकत होती. मग त्यांचा स्वर जरा उतरला.

“पण बाई, शेवटचं वाक्य तू दिनेशले अलग पाठवलं होतं काय?”

दिनेश नवा प्रॉम्प्टर. तिनं कुणालाच काही पाठवलं नव्हतं.

दिनेशही तेच म्हणत होता. आठव्या वाक्याला त्याचा कागद संपला, तो गप्प बसला. पण मुलीचं काम करणारी करिष्मा वेशीपर्यंत जाऊन थांबली, वळली आणि बोलली. विंगेत आल्यावर तिनं सांगितलं की वाक्य खालूनच मिळालं. दिनेशचा आवाज नव्हता. कोण्या म्हाताऱ्या माणसाचा होता.

“काय बोलली ती?” रंजीतानं विचारलं.

विनोदभाऊंनी आठवून आठवून सांगितलं.

“चुकलं माझं, बाबा. पाह्यलं मी वळून.”

लॅपटॉपमधला तो जुना संगणक तिनं अजून काढलेला नाही. आत तारीख तिच्या लग्नाचीच आहे. एकसष्टावं पान आजही उघडत नाही. सिंदेवाहीला आली की दुपारी ती त्याच खुर्चीत बसते, आणि कितीही वाटलं तरी मान वळवत नाही.

वही उघडल्याचा आवाज अजून आलेला नाही.

खोकला मात्र... दोनदा आला.